‘दुखतंय’ म्हणजे नक्की कसं?
मूत्राशयाच्या कर्करोगाच्या उपचारानंतर मागे राहणाऱ्या वेदनेविषयी



आरोग्य पाठात आपण बहुतेक वेळा आजार कसा टाळायचा आणि लवकर कसा ओळखायचा ते शिकतो. या अंकातला पाठ त्याच्या पुढचा आहे. आजार झाला, उपचार झाले, डॉक्टरांनी “आता बरं आहे, तपासणीला येत राहा” असं सांगून घरी पाठवलं. गावातल्या बायका भेटून गेल्या, “सुटलीस बाई” म्हणाल्या. आणि तरीही दुखतं. महिना गेला, सहा महिने गेले, वर्ष झालं, दुखणं आहेच. मग वाटायला लागतं की हे कुणाला सांगायचं? एवढा खर्च झाला, सगळ्यांनी एवढं केलं, आता परत रडगाणं कसं गायचं?

याच प्रश्नाचा हा पाठ आहे. उदाहरण म्हणून आपण मूत्राशयाचा कर्करोग घेतला आहे. त्याचं दुखणं अशा जागी असतं की बाई ते नवऱ्यालाही नीट सांगत नाही. शिवाय या आजाराच्या प्रत्येक उपचाराने वेगळ्या प्रकारची वेदना मागे राहू शकते, त्यामुळे वेदना ओळखायला शिकण्यासाठी हे उदाहरण चांगलं आहे. गर्भाशयाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या ताईंनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

हा कर्करोग बायकांपेक्षा पुरुषांना साधारण तीन ते चार पट जास्त होतो. बिडी-सिगारेट हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. त्यामुळे तुमच्यापैकी काही जणी हा पाठ स्वतःसाठी वाचतील आणि काही जणी नवऱ्यासाठी, सासऱ्यांसाठी किंवा वडिलांसाठी. दोघींनाही तो लागू आहे.

आधी थोडी ओळख

मूत्राशय म्हणजे ओटीपोटातली लघवी साठवणारी पिशवी. तिच्या आतल्या अस्तरात कर्करोगाची गाठ होते. पहिलं लक्षण बहुतेक वेळा लघवीतून रक्त जाणं हेच असतं, आणि तेव्हा दुखत नाही. बायकांच्या बाबतीत इथेच वेळ जातो. पाळीचं असेल, पाळी जातानाचं असेल, उन्हाळी लागली असेल, असं म्हणून आपण थांबतो. लघवीतून एकदा जरी रक्त गेलं तरी तपासणी करून घ्यायची, एवढं या पाठातून पक्कं लक्षात ठेवा.

उपचार गाठ किती खोल गेली आहे त्यावर ठरतात.

गाठ वरवर असेल तर दुर्बिणीने लघवीच्या मार्गातून आत जाऊन ती खरवडून काढतात. नंतर काही जणांना मूत्राशयात बीसीजीचं औषध सोडतात. बाळाला टीबीसाठी टोचतात तीच ही बीसीजी. सुरुवातीला साधारण आठवड्यातून एकदा असे सहा डोस, आणि गरजेप्रमाणे पुढेही.

गाठ खोल गेली असेल तर सगळं मूत्राशय काढावं लागू शकतं. बायकांमध्ये त्याबरोबर अनेकदा गर्भाशय आणि योनीमार्गाचा काही भागही काढतात. मग आतड्याच्या लहान तुकड्यातून लघवीला पोटावर नवी वाट करून देतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात आणि त्यावर बाहेरून बॅग लावतात. काही जणांना केमो देतात, काही जणांना लाईट, म्हणजे किरणोपचार.

बरं झाल्यावर दुखतं कसं?

आपण दुखण्याला धोक्याची घंटा समजतो. काटा रुतला की दुखतं, काटा काढला की थांबतं. पण प्रत्येक दुखणं काट्यासारखं नसतं. जखम भरल्यावरही तीन महिन्यांहून जास्त राहिलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. यात नसा दुखावलेल्या असतात, स्नायू आवळून बसलेले असतात, कातडी किंवा आतलं अस्तर नाजूक झालेलं असतं. काही वेळा मेंदूला इतके दिवस वेदनेचे निरोप येत राहतात की तो थोड्या कारणानेही घंटा वाजवतो.

म्हणून दोन गोष्टी मनात पक्क्या करा. उपचारानंतर दुखतंय म्हणजे कर्करोग परत आलाच, असं नाही. आणि तपासण्या चांगल्या आल्या म्हणजे दुखणं मनाचं आहे, असंही नाही. ते खरं असतं, त्याला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते कमी करता येतं. पूर्ण जाईलच असं कुणी सांगू शकत नाही. पण झोप लागेल, गटाच्या बैठकीला तासभर बसता येईल, नातवाला मांडीवर घेता येईल, इतपत आराम मिळवणं हे खरं ध्येय आहे.

आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत

आपण डॉक्टरांसमोर गेलो की एकच वाक्य बोलतो: “पोटात दुखतंय.” डॉक्टरांकडे वेळ कमी, बाहेर रांग मोठी. ते एक गोळी लिहून देतात. खरं तर घरी आपण असं बोलत नाही. ठणकतं, ठसठसतं, चमक मारते, कळ येते, आग होते, मुरडतं, ओढ लागते, चरचरतं, मुंग्या येतात, असे कितीतरी शब्द आपल्या तोंडात असतात. नेमके हेच शब्द डॉक्टरांना हवे असतात, कारण शब्दावरून दुखण्याची जात कळते आणि जातीवरून उपाय ठरतो. बघा कसं ते.

जळजळ, कळ, सारखी घाई. लघवीला बसताना आग होते, दर अर्ध्या तासाला जावंसं वाटतं, थोडीशीच होते. हे मूत्राशयाच्या अस्तराचं दुखणं. बीसीजीनंतर एक-दोन दिवस असं होणं नेहमीचं आहे. लाईट घेतलेल्यांना हा त्रास काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही सुरू होऊ शकतो. पण लघवीत जंतू झाले तरी असंच वाटतं, म्हणून आधी लघवीची तपासणी करायची.

आग, करंट, मुंग्या, सुया टोचणं, बधिरपणा. हे नसांचं दुखणं. ऑपरेशनच्या टाक्याजवळ, जांघेत किंवा मांडीत वीज चमकल्यासारखं होतं. काहींना तिथे कपडा लागलेलाही सहन होत नाही. केमोनंतर हाता-पायांच्या बोटांत मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही.

ओढ, आवळणं, जडपणा. हे स्नायूंचं आणि जखमेच्या वणाचं दुखणं. खूप दिवस दुखलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मुठीसारखे घट्ट होऊन बसतात. मग बसताना, शौचाला आणि नवऱ्याजवळ जाताना दुखतं.

मुरडा, पेटके, फुगणं. हे आतड्याचं दुखणं. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी आत एकमेकांना चिकटू शकतात, किंवा लाईटमुळे आतड्याला त्रास झालेला असतो.

चरचर, खाज, सोलवटणं. बॅगभोवतीच्या कातडीचं दुखणं. लघवी गळून कातडीला लागत राहिली की असं होतं. लाल-गुलाबी स्टोमाला हात लागला तर दुखत नाही, कारण तिथे दुखणं कळवणाऱ्या नसा नसतात. दुखते ती भोवतालची कातडी. स्टोमाच्या बाजूला फुगवटा आला आणि उभं राहिल्यावर ओढ लागत असेल तर तो हर्निया असू शकतो, तो दाखवायला हवा.

आपल्या महासंघातल्या एका ताईंनी त्यांचं नाव-गाव न देता अनुभव लिहायला परवानगी दिली आहे. मूत्राशय काढून त्यांना वर्ष होऊन गेलं होतं. त्या सगळ्यांना “पोट दुखतं” एवढंच सांगायच्या. कुणी पित्ताची गोळी दिली, कुणी दुकानातली दुखण्याची. उपयोग शून्य. एकदा आशाताईंनी शांतपणे विचारलं, “ताई, दुखतं म्हणजे कसं?” त्या म्हणाल्या, “टाक्यापासून मांडीपर्यंत वीज चमकते. रात्री पातळ अंगाला लागलं तरी नको होतं.” आशाताईंनी हेच वाक्य कागदावर लिहून दिलं. डॉक्टरांनी ते वाचून नसांच्या दुखण्याचं औषध सुरू केलं. दुखणं सगळं गेलं नाही. पण पूर्वी दहापैकी आठ होतं, ते आता तीन-चारवर आहे. त्या रात्री झोपतात.

वेदनेची वही

बचतीची वही आपण जशी लिहितो, तशीच एक वही दुखण्याची ठेवायची. रोज दोन-तीन ओळी पुरतात. पाच गोष्टी लिहायच्या:

१. कुठे दुखलं? (बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा)
२. कसं दुखलं? (आपल्याच शब्दात)
३. किती? (० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सोसवणार नाही इतकं)
४. कशाने वाढलं?
५. कशाने कमी झालं, आणि किती वेळाने?

नमुना बघा. “मंगळवार. दुपारी तासभर उकिडवं बसून खुरपलं. टाक्याच्या डाव्या बाजूला ओढ. ६. आडवी झाले, अर्ध्या तासाने ४.” किंवा, “गुरुवार. पहाटे पायाच्या बोटांना आग. ७. गोळी रात्री घ्यायची राहिली होती.”

लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा सुनेला सांगा. तेही नको असेल तर एका वाटीत दहा हरभरे ठेवा, किती दुखतंय तेवढे बाजूला काढा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला तेवढ्या रेघा ओढा. जुन्या बायका “रुपयात बारा आणे दुखतं” असं म्हणायच्या, तसं सांगितलं तरी चालेल. पंधरा दिवसांची अशी नोंद डॉक्टरांच्या हातात दिली की दोन मिनिटांत त्यांना सगळं कळतं.

औषधांबद्दल

कोणतं औषध घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. आपण समजून घेतलेलं बरं, म्हणजे प्रश्न विचारता येतात.

कर्करोगाच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी औषधं, त्याने भागलं नाही तर त्यावरची, आणि खूप दुखत असेल तर मॉर्फिनसारखी. त्यातली एक गोष्ट आजही फार महत्त्वाची आहे. औषध घड्याळ लावून घ्यायचं. दुखणं अंगावर आल्यावर गोळी शोधायची नाही. वणवा पेटण्याआधीच जाळपट्टा काढावा, तसं हे आहे.

नसांच्या दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. त्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन अशी औषधं देतात. त्यातली काही फिट येण्यावर किंवा मनाच्या उदासीवरही वापरतात. दुकानदार म्हणाला “हे तर डिप्रेशनचं औषध आहे,” तर घाबरू नका, डॉक्टरांनी ते नसांसाठी दिलेलं असतं. गुण यायला एक-दोन आठवडे किंवा जास्तही लागतात. सुरुवातीला झोप येते, गरगरतं. आपल्या मनाने एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करावी लागतात.

मॉर्फिनच्या नावाला लोक दचकतात. हे औषध सरकारी नियमाखाली आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये बदल करून ते रुग्णांना मिळणं सोपं केलं गेलं. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर ते मान्य औषध आहे. कर्करोग बरा झालेला असून जुनं दुखणं उरलं असेल तर ते द्यायचं की नाही हे डॉक्टर विचार करून ठरवतात. दिलं तर सांगितलं तेवढंच घ्यायचं, मात्रा आपण वाढवायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवायचं. त्याने शौचाला घट्ट होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषधही मागून घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. दुकानातून “दुखण्याची गोळी द्या” म्हणून आणू नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रोज खाल्ल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. या आजारात आणि त्याच्या काही केमो औषधांमुळे मूत्रपिंडावर आधीच ताण आलेला असतो. दोन दिवस बरं वाटतं म्हणून इंजेक्शनं घेत राहणंही तसंच महागात पडतं.

घरी काय करता येईल

पाणी. शेतात आडोसा नाही, म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. लघवी कमी आणि गडद झाली की जळजळ वाढते, जंतू होतात. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर दिवसभरात थोडं थोडं करून दोन लिटरच्या आसपास पाणी जावं. बॅग असेल तरीही हेच. मूत्राशय आत आहे आणि जळजळ होते, अशांनी चहा आणि तिखट आठवडाभर कमी करून वहीत फरक बघावा. बिडी, सिगारेट, तंबाखू मात्र बंदच. घरात कुणी ओढत असेल तर त्याला बाहेर पाठवा.

काम. आपली सवय अशी की ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी सगळं उरकायचं. धुणं, सारवण, दळण, शेत. मग पुढचे दोन दिवस अंथरूण. त्याऐवजी काम वाटून घ्या. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं विसावा, दुखायला लागायच्या आधीच. उकिडवं बसण्याऐवजी पाट किंवा लहान स्टूल घ्या. भाकरी ओट्यावर, उभ्याने. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो वजन, वर भांड्याचं वेगळं. ऑपरेशन झालेल्या बाईने तो उचलायचा नाही, कळशीनेच पाणी आणायचं. याला आळस म्हणणाऱ्यांना हा पाठ वाचून दाखवा.

पण पडूनही राहायचं नाही. अंग आखडतं आणि दुखणं वाढतं. रोज थोडं चालायचं. आज घरापासून पारापर्यंत, पुढच्या आठवड्यात देवळापर्यंत.

श्वास. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, एक हात पोटावर ठेवा. नाकाने श्वास घ्या, मनात चार आकडे मोजा, पोट वर येऊ द्या. सहा आकडे मोजत हळू सोडा. सोडताना ओटीपोट आणि बसायची जागा सैल सोडा. दहा वेळा, दिवसातून दोनदा. आवळलेले स्नायू यामुळे सुटतात. लघवी रोखण्यासाठी जागा आवळण्याचा एक व्यायाम काहींना सांगतात, पण स्नायू आधीच घट्ट असतील तर त्याने दुखणं वाढू शकतं. तो फिजिओथेरपिस्टला विचारूनच करा.

शेक. पाठीला, कमरेला गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं चालते. बधिर झालेल्या भागावर, लाईट दिलेल्या कातडीवर आणि बॅगजवळ शेकायचं नाही, भाजलेलं कळत नाही.

बॅग. निम्मी भरायच्या आत रिकामी करा, जड झाली की ती ओढते आणि सुटते. चकतीचं भोक स्टोमापेक्षा किंचितच मोठं हवं, कातडी उघडी राहिली की सोलवटते. कातडी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. तेल, पावडर लावली तर चकती चिकटत नाही. परकराची नाडी स्टोमावर येऊ देऊ नका. लघवीत पांढरट चिकट धागे दिसले तर घाबरू नका, आतड्याच्या तुकड्यातून ते येतातच. रात्रीसाठी लांब नळीची मोठी बॅग मिळते, तिने झोप मोडत नाही.

जे कुणी विचारत नाही ते

ऑपरेशन किंवा लाईटनंतर योनीमार्ग आखूड, अरुंद, कोरडा होऊ शकतो आणि संबंधाच्या वेळी दुखतं. बायका दात-ओठ खाऊन सहन करतात किंवा काहीतरी कारण काढून टाळतात. घरात मग अबोला, संशय, भांडण. ताईंनो, हा उपचाराचा परिणाम आहे आणि त्यालाही उपाय असतात. पाण्यासारखं जेल मिळतं, डॉक्टर मलम देतात, मार्ग हळूहळू सैल करण्याचं साधन असतं. बाई डॉक्टर किंवा सिस्टरना एवढंच म्हणा, “उपचारानंतर जवळ येताना दुखतं.” पुढचं त्या विचारतील. आणि दुखत असताना नाही म्हणण्याचा हक्क बाईला आहे, हे नवऱ्यालाही सांगायला हवं. ते सांगायला आशाताईंची किंवा सिस्टरची मदत घेता येते.

दुखणं एकट्या शरीराचं नसतं

समाजकार्याच्या अभ्यासात आम्हाला सिसिली साँडर्स यांच्याविषयी शिकवलं होतं. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. त्यांचं म्हणणं होतं की वेदनेला चार बाजू असतात: शरीराची, मनाची, घर-पैसा-नात्यांची, आणि “माझ्याच वाट्याला हे का?” या प्रश्नाची. एक बाजू सोडून दिली तर बाकीच्या तिन्ही बाजूंवरचे उपाय अपुरे पडतात.

आपल्याकडे बघा. हप्ता थकला की रात्री दुखणं वाढतं. बॅगचा वास येईल म्हणून लग्नाला जायचं सोडलं की मन आणखी खचतं. दर तपासणीच्या आधी आठ दिवस जेवण जात नाही. यात वेडेपणा काही नाही. झोप उडाली, सतत रडू येतं, जगणं नको वाटतं, असं होत असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.

थांबायचं नाही, लगेच जायचं

खालीलपैकी काहीही झालं तर वही बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

• थंडी वाजून ताप. बीसीजीनंतर ताप १०१ च्या वर गेला किंवा दोन दिवसांत उतरला नाही.
• लघवीतून किंवा बॅगमधून रक्त किंवा गाठी येणं.
• लघवी अडणं, बॅग काही तास कोरडी राहणं, पाठीत बरगडीखाली कळ.
• स्टोमा निळा-काळा पडणं.
• पोट फुगणं, उलट्या, शौच आणि वारा बंद.
• नवीन दुखणं जे दिवसेंदिवस वाढतंय, रात्री जागं करतंय, विशेषतः हाडांत किंवा पाठीत. वजन उतरणं.
• पायातली ताकद जाणं, एका पायाला अचानक सूज.

आणि दुखणं कमी असलं तरी ठरलेल्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. मूत्राशय आत असेल तर दुर्बिणीची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण हा आजार परत येऊ शकतो.

कुठे जायचं

ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथे आधी सांगा, आणि “वेदना विभाग किंवा पॅलिएटिव्ह केअर आहे का?” असं विचारा. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा. ती फक्त शेवटच्या दिवसांत असते हा गैरसमज आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात असा विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिराच्या बारा सेवांमध्येही ही सेवा धरलेली आहे. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे मागणी करा, मागितल्याशिवाय सुरू होत नाही. स्टोमा असलेल्यांसाठी मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया काम करते.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा आणि काय बसतं, काय नाही ते लेखी विचारा. कर्करोगामुळे कमावता येत नसेल आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. एसटीत कर्करोगाच्या रुग्णांना सवलत आहे, त्याची कागदपत्रं आगारात विचारा.

गट काय करू शकतो

केरळमध्ये १९९३ साली कोळिकोडला वेदना कमी करण्यासाठी एक छोटी संस्था सुरू झाली. पुढे तिथल्या गावागावांतले साधे लोक प्रशिक्षण घेऊन शेजारच्या आजारी माणसाकडे जाऊ लागले आणि २००८ मध्ये केरळ सरकारने त्यासाठी धोरण केलं. ते सगळे डॉक्टर नव्हते. आपल्यासारखेच शेजारी होते. आपले गट तर दर आठवड्याला भेटतात, एकमेकींचं घर ओळखतात. मग आपल्याला एवढं तरी जमेलच:

• आजारी सदस्य ताईंसाठी सोबतीण ठरवणे. ती आठवड्यातून एकदा जाईल, वही बघेल आणि तपासणीला बरोबर जाईल.
• पाणी भरण्याची पाळी लावणे.
• हप्त्याची मुदत वाढवणे, ग्रामसंघाच्या जोखीम निधीतून प्रवास आणि बॅगचा खर्च देण्याचा ठराव इतिवृत्तात घेणे.
• बैठकीत तिला भिंतीला टेकून किंवा खुर्चीवर बसू देणे, मधे उठली तर “कुठे चाललीस?” न विचारणे.
• तिच्या आजाराची चर्चा तिच्या परवानगीशिवाय न करणे.

पुढच्या बैठकीसाठी

हा पाठ मोठ्याने वाचा आणि अर्धा तास यावर बोला:

१. आपल्या भागात दुखण्यासाठी कोणकोणते शब्द वापरतात? फळ्यावर लिहा. कोणता शब्द नसांचा, कोणता स्नायूंचा, कोणता कातडीचा ते ठरवा.
२. आपण डॉक्टरांना काय सांगायचं टाळतो? का?
३. आपल्या गावात उपचार संपले पण दुखणं संपलं नाही असं कोण आहे? नाव मोठ्याने घेऊ नका. बैठकीनंतर एकीने जाऊन विचारायचं, “ताई, दुखतं म्हणजे कसं?”

आणि मग मधे न बोलता ऐकायचं.